माळवदाची माती

मागच्या आठवड्यात गावाहून काकांचा फोन आला. "मृग तोंडावर आलाय. माळवदावर दोन ट्रॉल्या पांढरी माती टाकायचीय. तुझ्या वाट्याचे पैसे पाठवून दे."

मी भीतभीतच म्हणालो, "काका, या वर्षी टाकण्याऐवजी थोडी काढली तर?"

"का रे?"

"भूकंपाच्या दृष्टीनं..."

"आपल्याकडं? गोदाकाठी? पुराचं बोल, दुष्काळाचं बोल. हे भूकंपाचं काय काढलंस मधेच!" आणि फोन ठेवला.

काकांचं म्हणणं अगदीच चूक नाही. आमच्या पैठण तालुक्यात भूकंपानं घर पडल्याचं घरातल्या कोणाच्या आठवणीत नाही. पण फोनवर मला जे नीट सांगता आलं नाही, ते इथे लिहितोय. घरातली बरीच मंडळी हे वाचतात, आणि पैसे पाठवायची वेळ प्रत्येकावरच येणार आहे.

आधी घराबद्दल. ज्यांनी माळवद पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. दगड आणि मातीच्या जाड भिंती, आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या फळ्या, आणि त्यावर मातीचा थर. घर किती मोठं हे खणांवर मोजायचं. आमचं सात खणांचं. मधल्या भिंतीत बळद आहे, म्हणजे भिंतीच्या पोटातच धान्याची कोठी. वरून ओतायचं, खाली भोकातून काढायचं. अंगणात पूर्वी पेव होतं. जमिनीत मडक्याच्या आकाराचा खड्डा, आतून कडब्याचं अस्तर, त्यात ज्वारी भरून तोंड मातीनं लिंपून टाकायचं. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आधी दिवा सोडून पाहायचा, हे आजी आम्हाला बजावायची. दिवा विझला तर आतली हवा विषारी. न्हाणीजवळ दोन रांजण असत.

लहानपणी मला हे सगळं नुसतं जुनाट वाटायचं. आता वाटतं, ते घर म्हणजे संकटाची पूर्वतयारीच होती. फक्त संकट एकच गृहीत धरलेलं होतं. दुष्काळ.

आणि ते बरोबरच होतं. मराठवाड्याचा इतिहास बराचसा पाण्याच्या धास्तीचा इतिहास आहे. दौलताबादच्या किल्ल्यावरचा हत्ती हौद बघा. मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी वसवली, तीच पुढे औरंगाबाद झाली आणि आता छत्रपती संभाजीनगर. तिथे त्यानं डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नहरीतून शहरात आणलं. त्या नहरींचे बंबे अजून जुन्या शहरात दिसतात. १६३० ते १६३२ च्या दुष्काळानं दख्खन उजाड केलं. आमच्या घरात मात्र दुष्काळ म्हटलं की १९७२ चा. त्याआधीची दोन वर्षंही कमी पावसाची होती, त्यामुळे तोपर्यंत पेव रिकामं झालं होतं. आजोबा आणि मोठे काका खडी फोडायला गेले. सुकडी खाऊन दिवस काढले. पण त्याच दुष्काळातून वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. घरातली तयारी संपली तिथे सरकारची तयारी सुरू झाली, असं म्हणता येईल.

माळवदही याच तयारीचा भाग. जाड छतामुळे एप्रिल-मे मध्ये बाहेर बेचाळीस अंश असलं तरी आत थंड. दरोडेखोरांना भिंत फोडणं अवघड. वर धान्य वाळवता येतं, उन्हाळ्यात झोपता येतं. एकच कटकट, पावसात गळतं. म्हणून दर वर्षी मृगाआधी नवी माती. यात मेख अशी की जुनी माती कोणी काढत नाही. आजोबांनी टाकली, त्यांच्या वडिलांनी टाकली, आता काका टाकतात. थर वाढतच जातो.

मी सहज हिशोब केला. दहा फूट बाय दहा फुटांची खोली, वर एक फूट माती. ही झाली शंभर घनफूट, म्हणजे कोरडी असताना साधारण साडेचार टन. आमच्या माजघरावर थर दीड फुटाहून कमी नाही. म्हणजे जवळपास सात टन. पावसात भिजली की आणखी जास्त. त्याखाली काका-काकू झोपतात.

आता किल्लारीकडे वळतो. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना धक्का बसला. आम्ही तेव्हा शहरात भाड्याच्या घरात राहायचो. मांडणीवरची भांडी वाजली, आईला मांजर वाटलं, तिनं "शुक शुक" केलं आणि आम्ही परत झोपलो. सकाळी रेडिओवर कळलं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावंच्या गावं जमीनदोस्त झाली होती. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, काही अंदाजांनुसार दहा हजारांच्या जवळ.

भूकंपाची तीव्रता ६.२ ते ६.४ च्या दरम्यान मोजली गेली. जगात असे भूकंप दर वर्षी बरेच होतात आणि पुष्कळदा फारशी जीवितहानी होत नाही. मग इथे इतकी का? कारण पडलेली घरं आमच्या घरासारखीच होती. दोन फूट, कुठे तीन फूट रुंद दगडी भिंत बाहेरून एकसंध दिसते, पण ती असते दोन भिंतींची. बाहेरचे दगड वेगळे, आतले वेगळे, मध्ये माती आणि कपच्या. दोन्ही पदर जोडणारा आरपार दगड क्वचितच. हादरा बसला की पदर सुटतात, भिंत फुगते आणि दोन्हीकडे कोसळते. मग वरची माती खाली येते. कित्येक माणसं दगडानं नव्हे, मातीखाली गुदमरून गेली.

त्या पहाटे आणखी एक गोष्ट दिसली. मोठे वाडे पडले, पण गावाच्या कडेच्या कुडाच्या, पत्र्याच्या, गवताच्या झोपड्या बऱ्याच ठिकाणी उभ्या राहिल्या. ज्यांच्याकडे दगडी भिंतीचे पैसे नव्हते त्यांच्या डोक्यावर पडायला काही नव्हतं. आणि ज्या माळवदांचे लाकडी खांब-तुळया धड होत्या, तिथे भिंती पडूनही काही छतं खांबांवर तशीच राहिली. म्हणजे घराचा जीव लाकडात होता आणि धोका माती-दगडात.

आता काकांचा मूळ मुद्दा, "आपल्याकडं भूकंप नाही." हेच किल्लारीबद्दलही कागदावर लिहिलेलं होतं. तेव्हाच्या भूकंप नकाशात देशाचे पाच पट्टे होते आणि किल्लारी पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. कोयनेला १९६७ मध्ये मोठा भूकंप झाला होता, पण ते कोयनेपुरतं, धरणामुळे, असं म्हणून बाकीच्यांनी सोडून दिलं. खुद्द किल्लारीत १९९२ मध्ये लहान धक्के बसत होते, लोक घाबरले होते, मग धक्के थांबले आणि विषय मागे पडला. २००२ मध्ये नकाशा बदलला तेव्हा पहिला पट्टाच रद्द केला. किल्लारीचा भाग तिसऱ्यात गेला. आपलं शहर त्या नकाशात दुसऱ्या पट्ट्यात होतं, म्हणजे उरलेल्यांत सर्वांत खालच्या. तिथून किल्लारी सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरच्या आत आहे. आणि मार्च २०२४ मध्ये हिंगोली जिल्ह्यात ४.५ चा धक्का बसला, तो नांदेड-परभणीपर्यंत जाणवला.

मी काकांना घाबरवत नाहीये. आपल्या घराला भूकंपाचा धोका कमीच आहे. गोदावरीच्या पुराचा त्याहून जास्त. २००६ मध्ये पैठणमध्ये शिरलेलं पाणी आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण पुराची बातमी वरून येते, जायकवाडीचे दरवाजे उघडण्याआधी भोंगा वाजतो. दुष्काळ तर महिनोन्‌महिने चालत येतो. भूकंप मात्र काहीच सांगत नाही. त्याची तयारी घर बांधताना किंवा दुरुस्त करतानाच करावी लागते, नंतर वेळ मिळत नाही.

आणि उपाय फार खर्चाचे नाहीत. किल्लारीनंतर सरकारनं लाखाहून अधिक घरांच्या दुरुस्ती-मजबुतीचा कार्यक्रम घेतला. त्यातला पहिला सल्ला हाच होता, छताचं वजन कमी करा. माती वीतभर ठेवा, तिच्याखाली प्लॅस्टिकचा जाड कागद अंथरा, म्हणजे गळतीही थांबते. खांब आणि तुळई जिथे भेटतात तिथे तिरके आधार ठोका. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार जाणारे जोड द्या. झोपायची जागा जुन्या भिंतीलगत ठेवू नका. त्या वेळी बऱ्याच लोकांनी अनुदानातून जुन्या घराला हात न लावता शेजारी एक पक्की खोली बांधली. मला त्यांचंही पटतं. माणूस एका रात्रीत वडिलांच्या घरावरचा विश्वास काढून घेत नाही.

म्हणून माझा प्रस्ताव असा. ट्रॉल्या दोनच सांगा, फक्त भरून खाली न्यायला. मजुरी, कागद आणि सुताराचे पैसे आपण सगळे चुलतभाऊ मिळून देऊ. एक अभियंता मित्र भिंती पाहायला यायला तयार आहे.

काल परत फोन केला. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माती काढताना काय काय निघंल कुणास ठाऊक. तुझ्या आज्यानं टाकलेली माती आहे ती."

मी म्हटलं, "हो. परसात टाकू. आंब्याच्या आळ्यात."

थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "बळदाला हात लावायचा नाही. बाकी तू रविवारी ये, मग बघू."

रविवारी जातोय. कोणाकोणाला येणं जमेल ते कळवा. घमेली लागतील.