बांबू, मालकी जमिनीतला (वनकायद्यातील स्थान)

शेतकऱ्याने स्वतःच्या जमिनीत लावलेला वा राखलेला बांबू. वनस्पतिशास्त्रात बांबू हे गवत, भात-नाचणीच्याच कुळातले. भारतीय वन अधिनियम, १९२७ याने मात्र त्याला झाड ठरवले आणि नव्वद वर्षे तो झाडच राहिला.

रायगडाच्या पायथ्याचे पाचाड आणि एकूणच महाड-पोलादपूरचा डोंगरपट्टा येथे भात खाचरांत होतो, नाचणी-वरी उतारावरच्या वरकस जमिनीत. बांबूची बेटे बांधावर, ओढ्याकाठी, घरामागे. कोंब पावसाळ्यात फुटतो, काठी साधारण तीन वर्षांत पक्की होते आणि तोड पाऊस सरल्यावर करतात. जाणता माणूस जून काठ्या काढतो. कोवळ्या राखतो, कारण बेटाची पुढची वाढ त्यांच्यावरच असते. मांडव, कुंपण, सूप, टोपली, कणगी, इरले यांपुरता हा माल गावातच खपला तर प्रश्न नसे. तो गाडीत भरून बाजाराला निघाला की कायदा आडवा येई.

अडचणीचे मूळ व्याख्यांच्या साखळीत होते. १९२७ च्या अधिनियमाच्या कलम २(७) प्रमाणे ‘झाड’ या संज्ञेत ताड-माड, बांबू, वेत हे सारे येत. कलम २(६) प्रमाणे तोडलेले झाड म्हणजे ‘इमारती लाकूड’. आणि कलम २(४) प्रमाणे इमारती लाकूड कोठूनही आलेले असो, ते ‘वनोपज’च. गवत, वेली, पाने यांना ही व्याख्या जंगलातून आणली तरच लागू होती. म्हणजे बांबूला गवत म्हटले असते तर बांधावरची काठी आपोआप सुटली असती. झाड म्हटल्यामुळे कलम ४१ खालचे वाहतुकीचे नियम तिला चिकटले. त्यातही कलम ६९ अधिक जाचक: वनोपज कोणाची असा वाद उभा राहिला, तर उलट सिद्ध होईपर्यंत ती सरकारची धरायची. पुराव्याचे ओझे शेतकऱ्यावर. आणि कलम ५२ प्रमाणे मालाबरोबर गाडी, बैल, हत्यारेही जप्त होऊ शकत. गंमत अशी, की मालकीच्या झाडांसाठीच केलेल्या महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड (विनियमन) अधिनियमाच्या अनुसूचीत साग, खैर, ऐन, किंजळ, आंबा, फणस आहेत, बांबू नाही.

विणलेल्या मालाची सुटका आधी झाली. सुरेश लोहिया विरुद्ध महाराष्ट्र शासन (१९९६) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बांबूची चटई ही बांबूहून वेगळी वस्तू मानून तिला वनोपजेतून वगळले. त्यामुळे विणकराची चटई मोकळी आणि तिच्यासाठी लागणारी काठी अडलेली, असा प्रकार पुढे वीसेक वर्षे चालला.

नोव्हेंबर २०१७ मध्ये वटहुकूम निघाला, डिसेंबरात संसदेने विधेयक मंजूर केले आणि कलम २(७) मधून ‘बांबू’ हा शब्द गेला. दुरुस्ती एका शब्दाची, पण तिने वरची साखळी पहिल्याच कडीला तोडली. वनाबाहेर वाढलेल्या बांबूला भारतीय वन अधिनियमाखाली तोडीची वा वाहतुकीची परवानगी लागत नाही. जंगलातला बांबू मात्र वनोपजच राहिला. त्याचा मार्ग वेगळा: वनहक्क अधिनियम, २००६ त्याला गौण वनोपज म्हणतो व ग्रामसभेचा हक्क मानतो. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाच्या ग्रामसभेला एप्रिल २०११ मध्ये वाहतूक पासांचे पुस्तक मिळाले, ते याच हक्काने.

म्हणून आता प्रश्न वनस्पतीचा नसून जमिनीचा आहे, आणि कोकणात तोच अधिक गुंतागुंतीचा. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियमाने ३० ऑगस्ट १९७५ रोजी खाजगी वने शासनाकडे गेली. ज्या जमिनींना पूर्वी भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५ च्या नोटिसा निघाल्या होत्या, त्याही यात आल्या. नुसती जुनी, न बजावलेली नोटीस पुरेशी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने गोदरेज अँड बॉइस खटल्यात २०१४ साली सांगितले. तो वाद मुंबईतील विक्रोळीचा होता, पण त्या निकालाचा आधार कोकणातल्या खातेदारालाही घेता येतो. शिवाय मालकाची एकूण धारणा १२ हेक्टरपर्यंत होईल इतकी जमीन परत देण्याची तरतूद खाजगी वने अधिनियमाच्या कलम २२अ मध्ये आहे. त्यामुळे उतारावर बांबू लावण्याआधी सातबाऱ्यावर वनाची नोंद आहे का, हे पाहणे रोपांच्या निवडीहून महत्त्वाचे ठरते. तशी नोंद असेल, तर २०१७ ची सूट त्या बेटाला आपसूक लागू होत नाही.