कानदुखी, वारंवार होणारी (बालवयातील)

कानाच्या पडद्यामागच्या पोकळीत, म्हणजे मध्यकर्णात, संसर्ग होऊन पू साठणे आणि बरे झालेले हे दुखणे पुन्हापुन्हा उलटणे. 6 महिन्यांत 3 वेळा, किंवा वर्षात 4 वेळा (त्यांतली निदान एक गेल्या 6 महिन्यांतली) असे झाले, की डॉक्टर त्याला ‘वारंवार’ म्हणतात. 6 महिने ते 2 वर्षे हा त्याचा भर. पुढे बहुतेक मुलांचे आपोआप कमी होते.

दुखतो कान, पण खोड असते नाकाघशात. मध्यकर्णातून एक नळी नाकामागे, घशाच्या वरच्या भागात उतरते. 16व्या शतकातील इटालियन शरीररचनाकार बार्तोलोमेओ युस्ताकी यांच्यावरून तिला युस्टेशियन नळी म्हणतात. मोठ्यांत ती लांब व उतरती असते. तान्ह्यांत आखूड आणि जवळजवळ आडवी. सर्दीने ती सुजली की आतला स्राव कोंडतो आणि नाकातले न्यूमोकोकस, हिमोफिलस यांसारखे जंतू तिथे फोफावतात. म्हणूनच पाळणाघर सुरू झाले की कानही सुरू होतात. विडी-सिगारेटचा धूर, आडवे निजवून तोंडात दिलेली बाटली, सतत तोंडात असणारी चोखणी, दुभंगलेली टाळू ही इतर कारणे.

घरात मात्र संशय जातो वाऱ्यावर आणि न्हाऊ घालताना शिरलेल्या पाण्यावर. मग टोपरे आवळले जाते, लसूण घालून कढवलेले तेल कानात पडते. पडदा शाबूत असेल तर आंघोळीचे पाणी मध्यकर्णात पोचतच नाही. टोपऱ्याने काही बिघडत नाही. तेलाचे तसे नाही: पडदा फुटलेला असेल तर ते थेट आत उतरते.

बोलता न येणारे मूल आडवे केले की रडते, दूध दोन घोट घेऊन सोडते, ताप चढतो. रात्रभर असा ठणका, आणि पहाटे मूल गाढ झोपलेले, उशीवर पिवळट डाग. पडदा फुटून दाब उतरलेला असतो. बहुधा तो पुढे भरूनही येतो. दवाखान्यात आई मुलाला मांडीवर घेते, एका हाताने डोके छातीशी आणि दुसऱ्याने दोन्ही हात धरते. तेवढ्या क्षणात डॉक्टरांना ऑटोस्कोपमधून पडदा पाहायचा असतो. निरोगी पडदा करडा, किंचित पारदर्शक. नुसती लाली फसवी, कारण ती रडण्यानेही येते; फुगवटा महत्त्वाचा.

पहिले औषध वेदनाशामक, वजनाच्या मापाने पॅरासिटामॉल. 2 वर्षांवरील मुलाचा एकच कान हलकासा दुखत असेल, तर अँटिबायोटिक न देता 48 ते 72 तास वाट पाहता येते. 6 महिन्यांच्या आतल्या बाळाबाबत असे थांबत नाहीत. कान वाहत असेल तर स्वच्छ सुती कापडाची वात करून तो दिवसातून 3 वेळा टिपून कोरडा करावा. कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलला गेला, तर तडक रुग्णालय गाठावे.

आईबापांच्या नजरेतून सुटते ते नंतरचे. ठणका थांबला तरी पडद्यामागे पाणी राहते. महिन्याने साधारण 10 पैकी 4 मुलांत, 3 महिन्यांनी एकात. हाकेला ओ न देणारे मूल हट्टी ठरते, तेव्हा खरे तर त्याला कमी ऐकू येत असते. 3 महिन्यांनंतरही पाणी असेल तर श्रवणचाचणी करावी.

भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात न्यूमोकोकल लस 2017पासून टप्प्याटप्प्याने आली आणि 2021मध्ये देशभर पोचली: 6 आणि 14 आठवडे, मग 9 महिने. तिचा मुख्य रोख न्यूमोनियावर; कानाला मिळतो तो जोडलाभ, कारण सगळेच जंतू तिच्या टप्प्यात येत नाहीत.

पडद्यात बसवायची इवली नळी, ग्रोमेट, 1954मध्ये आर्मस्ट्राँग या अमेरिकी डॉक्टरांनी पुन्हा प्रचारात आणली. 2021मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत 6 ते 35 महिन्यांची 250 मुले होती. ग्रोमेट बसवलेल्यांना 2 वर्षांत वर्षाकाठी सरासरी 1.48 वेळा संसर्ग झाला, औषधांवर ठेवलेल्यांना 1.56 वेळा. एवढ्याशा फरकासाठी भूल देण्याची घाई पटत नाही. पाणी साचून ऐकणे मंदावले असेल, तर मात्र ग्रोमेटची बाजू भक्कम होते. काही महिन्यांनी ते बहुधा आपणहून गळून पडते.