काळा शर्ट: नेब्रास्काच्या बचावफळीची परंपरा

अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठाच्या फुटबॉल संघात बचावफळीतील पहिल्या पसंतीच्या खेळाडूंना सरावासाठी काळा शर्ट दिला जातो. या शर्टावरून संपूर्ण बचावफळीलाच ‘ब्लॅकशर्ट्स’ म्हणतात. सामन्याच्या दिवशी मात्र घरच्या मैदानावर संघ लाल पोशाखात आणि परगावी पांढऱ्या पोशाखात उतरतो. हजारो प्रेक्षक ज्या शर्टाच्या नावाने ओरडतात, तो त्यांच्या नजरेस सहसा पडतच नाही. तरीही 1960च्या दशकाच्या मध्यापासून तेथील चाहते हंगामाचा हिशोब या शर्टावरून मांडत आले आहेत. संघाने गुण किती केले हा त्यांचा एक प्रश्न असतो; किती गुण दिले आणि तसे देणाऱ्यांना काळा शर्ट घालण्याचा हक्क उरतो का, हा दुसरा.

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू प्रामुख्याने हाताने खेळला जातो. चेंडू ज्याच्याकडे आहे त्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे साधारण 9 मीटर, पुढे सरकावे लागते. तेवढी मजल मारली की आणखी चार प्रयत्न मिळतात. न जमल्यास चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. चेंडू घेऊन गोलरेषा ओलांडल्यास टचडाउनचे 6 गुण, तर लाथेने तो दोन खांबांमधून घालवल्यास फील्ड गोलचे 3 गुण मिळतात. बचाव करणाऱ्या अकरा जणांचे काम कबड्डीतल्या पकडीच्या जवळचे आहे: धावणाऱ्याला गाठायचे, धरायचे आणि जमिनीवर पाडायचे. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला फेक करण्यापूर्वीच लोळवले, तर त्याला ‘सॅक’ म्हणतात.

आज प्रत्येक संघात आक्रमणाचे अकरा आणि बचावाचे अकरा वेगवेगळे असतात. पूर्वी तसे नव्हते. बदली खेळाडूंबाबतचे नियम कडक असल्याने तेच खेळाडू दोन्ही कामे करीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1941मध्ये, हे नियम सैल झाले. 1945मध्ये मिशिगन विद्यापीठाचे प्रशिक्षक फ्रिट्झ क्रायस्लर यांनी बलाढ्य आर्मी संघाविरुद्ध आक्रमणाला एक आणि बचावाला दुसरी तुकडी उतरवली. त्यांच्याकडे बहुतेक नवखी मुले होती आणि दोन्ही कामे पेलतील असे खेळाडू थोडे होते. ही पद्धत झपाट्याने पसरली. पण तीत खेळाडू जास्त लागत आणि खर्चही वाढे, म्हणून 1953मध्ये महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने तिला लगाम घातला. पुढील दशकभरात बंधने टप्प्याटप्प्याने ढिली झाली आणि 1960च्या दशकाच्या मध्यास दोन स्वतंत्र तुकड्यांची पद्धत कायमची रुजली. काळ्या शर्टाचा जन्म याच संक्रमणातला.

नेब्रास्का हे अमेरिकेच्या मध्यभागातील शेतीप्रधान राज्य. मका आणि गुरे ही त्याची ओळख, आणि लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास. विद्यापीठाची स्थापना राजधानी लिंकन येथे 1869मध्ये झाली आणि 1890मध्ये फुटबॉल संघ उभा राहिला. त्याचे ‘कॉर्नहस्कर्स’ हे नाव, म्हणजे मक्याची कणसे सोलणारे, विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाले. 1923मध्ये पहिल्या महायुद्धातील नेब्रास्कावासीयांच्या स्मरणार्थ मेमोरियल स्टेडियम बांधले गेले. राज्यात फुटबॉलचा अव्वल दर्जाचा व्यावसायिक संघ नाही. त्यामुळे शेतकरी, दुकानदार, शिक्षक, विद्यार्थी अशा सगळ्यांचा जीव या एकाच संघात गुंतला. सामन्याच्या दिवशी स्टेडियममध्ये 85 हजारांच्या घरात प्रेक्षक जमू लागले, तेव्हा ओमाहा आणि लिंकननंतर राज्यातले तिसरे मोठे शहर हेच, असे गमतीने म्हटले जाऊ लागले.

1941च्या रोझ बोल सामन्यात (‘बोल’ म्हणजे नियमित हंगामानंतरची खास लढत) संघ स्टॅनफर्डकडून 21-13 असा हरला आणि त्यानंतर दोन दशके पडतीची गेली. 1961च्या हंगामात दहापैकी केवळ तीन सामने जिंकता आले. 1962मध्ये वायोमिंगहून बॉब डेव्हनी प्रशिक्षक म्हणून आले आणि पहिल्याच वर्षी संघाने नऊ सामने जिंकले. हंगामअखेरीस न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमवर झालेल्या गॉथम बोलमध्ये मायामीला 36-34 असे नमवून नेब्रास्काने आपला पहिला बोल-विजय मिळवला. त्याच वर्षीच्या 3 नोव्हेंबरला मिझुरीविरुद्धच्या सामन्याची सगळी तिकिटे खपली. तो सामना संघ हरला, पण तेव्हापासून घरच्या प्रत्येक सामन्याची तिकिटे संपण्याची अखंड मालिका सुरू झाली आणि तिने आता चारशेचा आकडा गाठला आहे.

शर्टाची कथा 1964च्या आसपासची. तुकड्या वेगळ्या झाल्यामुळे सरावात आक्रमण कोणाचे आणि बचाव कोणाचा हे पटकन ओळखू यावे म्हणून वेगळ्या रंगाचे, जर्सीवरून चढवता येतील असे शर्ट हवे होते. सहायक प्रशिक्षक माइक कॉर्गन लिंकनमधील खेळसाहित्याच्या दुकानात गेले. काळ्या रंगाला गिऱ्हाईक नसल्याने तो माल स्वस्तात मिळत होता, तोच त्यांनी उचलला, असे सांगितले जाते. हे शर्ट कोणाला द्यायचे हे बचावाचे प्रशिक्षक जॉर्ज केली ठरवू लागले. शर्ट सरावापूर्वी वाटायचे आणि सराव संपला की परत घ्यायचे, असा शिरस्ता पडला. काल ज्याच्या अंगावर तो होता, त्याला आज मिळेलच याची खात्री नसे. कामचुकारपणा दिसला की तोच शर्ट मागे बसलेल्या एखाद्या मुलाच्या हाती जाई. सोयीसाठी घेतलेल्या स्वस्त कापडाला मोल आले ते या देण्या-घेण्यामुळे. खेळाडूच स्वतःला ‘ब्लॅकशर्ट’ म्हणवू लागले आणि त्यांच्याकडून हे नाव वर्तमानपत्रांत आणि प्रेक्षकांच्या तोंडी गेले.

डेव्हनींच्या संघाने 1970 आणि 1971 अशी लागोपाठ दोन वर्षे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. या काळातली बचावफळीची खरी कसोटी लागली ती 25 नोव्हेंबर 1971 रोजी, ओक्लाहोमातील नॉर्मन येथे. नेब्रास्का देशात पहिल्या क्रमांकावर आणि ओक्लाहोमा दुसऱ्या. त्या हंगामात ओक्लाहोमाचे धावपटू दर सामन्यात सरासरी 472 यार्ड कापत होते. नेब्रास्काने त्यांना 279वर रोखले. पुढच्या फळीच्या मध्यावर खेळणाऱ्या रिच ग्लोव्हरने 22 वेळा प्रतिस्पर्ध्याला पाडण्यात वाटा उचलला. तरीही सामना शेवटपर्यंत दोलायमान राहिला. जेफ किनीने टचडाउन करून नेब्रास्काला 35-31 अशी आघाडी मिळवून दिली तेव्हा दीड मिनिटाहून थोडा अधिक वेळ उरला होता आणि चेंडू आता ओक्लाहोमाकडे जाणार होता. तिसऱ्या प्रयत्नाला लॅरी जेकबसनने क्वार्टरबॅक जॅक मिल्ड्रेनला मागेच लोळवले. चौथ्या प्रयत्नाला मिल्ड्रेनने केलेली फेक ग्लोव्हरने हात उंचावून खाली पाडली. अमेरिकन क्रीडापत्रकार या लढतीला ‘शतकातला सामना’ म्हणतात. जेकबसनला त्या वर्षीचा आणि ग्लोव्हरला पुढच्या वर्षीचा, पुढच्या फळीतील सर्वोत्तम खेळाडूसाठीचा आउटलँड पुरस्कार मिळाला.

1973मध्ये डेव्हनींचे सहायक टॉम ऑस्बोर्न मुख्य प्रशिक्षक झाले आणि 1997पर्यंत राहिले. त्यांच्या संघांनी 255 सामने जिंकले, पण विजेतेपदाने बराच काळ हुलकावणी दिली. 1983च्या संघाने सामन्यामागे सरासरी 52 गुणांचा पाऊस पाडला. ऑरेंज बोलमध्ये मात्र मायामीने 31-30 असे हरवले. गुणांचा डोंगर रचूनही बचावाने निर्णायक दिवशी 31 गुण दिले, ही बोच चाहत्यांच्या मनात राहिली. दक्षिणेकडील संघांचे चपळ खेळाडू मोकळ्या जागेत नेब्रास्काच्या अवजड खेळाडूंना मागे टाकत. बचावाचे सूत्रधार चार्ली मॅकब्राइड यांनी 1990च्या दशकाच्या सुरुवातीला मांडणीच बदलली. पुढे पाच जणांची भिंत उभारण्याऐवजी चार जण ठेवले आणि त्यांच्यामागे वेगवान लाइनबॅकर, म्हणजे मधल्या फळीतले बचावपटू, आणले. अंगापिंडापेक्षा वेग पाहून खेळाडू निवडले जाऊ लागले.

त्याचे फळ लवकरच मिळाले. 1994चा हंगाम संपवणाऱ्या ऑरेंज बोलमध्ये मायामी 17-9 अशी पुढे होती. शेवटच्या सत्रात नेब्रास्काच्या बचावाने तिला एकही गुण मिळू दिला नाही आणि सामना 24-17 असा जिंकला. पुढच्या वर्षीच्या विजेतेपदाच्या लढतीत फ्लोरिडाला 62-24 असे धुऊन काढले. त्या दिवशी फ्लोरिडाची चेंडू घेऊन धावण्याची गोळाबेरीज उणे 28 यार्ड निघाली. क्वार्टरबॅकला मागे पाडल्याचे यार्ड यात वजा होतात, त्यामुळे एवढा उणा आकडा दिसला. 1997मध्ये ग्रँट विस्ट्रम आणि जेसन पीटर यांच्या बचावफळीच्या बळावर संघाने पुन्हा विजेतेपद मिळवले. ते मिशिगनबरोबर वाटून घ्यावे लागले. दोन्ही हात छातीवर आडवे टाकून मुठी आवळण्याची खूण, म्हणजे कवटीखालच्या दोन हाडांची आकृती, ही या बचावफळीची ओळख बनली आणि प्रेक्षागारातही तिचे अनुकरण होऊ लागले.

ऑस्बोर्न निवृत्त झाल्यावर उतरण लागली. नोव्हेंबर 2001मध्ये कोलोरॅडोने 62-36 असे चिरडले. 2003मध्ये नऊ सामने जिंकूनही ऑस्बोर्ननंतरचे मुख्य प्रशिक्षक फ्रँक सोलिच यांना काढून टाकण्यात आले. त्यांच्या जागी बिल कॅलाहान आले आणि आक्रमणाची घडी बदलली, पण बचाव ढासळत गेला. 3 नोव्हेंबर 2007 रोजी कॅन्ससने नेब्रास्कावर 76 गुण चढवले. विद्यापीठाच्या इतिहासात कोणत्याही प्रतिस्पर्ध्याने इतके गुण केले नव्हते. काळ्या शर्टाला आता काय अर्थ उरला, असे चाहते उघडपणे विचारू लागले.

2008मध्ये बो पेलिनी मुख्य प्रशिक्षक झाले. त्यांनी शर्ट लगेच वाटले नाहीत. हंगाम बराच पुढे गेल्यावर, कमावल्याखेरीज मिळणार नाही हे ठसवूनच ते दिले. या निर्णयामुळे 1964चा मूळ शिरस्ता पुन्हा जिवंत झाला. 2009मध्ये संघाने सामन्यामागे सरासरी 10.4 गुण दिले आणि देशात सर्वांत कमी गुण देणारा बचाव म्हणून नाव मिळवले. बचावाच्या मध्यावर खेळणाऱ्या एन्डामुकॉन्ग सू याने बिग ट्वेल्व्ह या गटाच्या अजिंक्यपदाच्या सामन्यात टेक्ससच्या क्वार्टरबॅकला वारंवार लोळवले. त्याच्या नावावर साडेचार सॅक लागले. नेब्रास्काच्या आक्रमणाला मात्र एकही टचडाउन करता आला नाही. चार फील्ड गोलच्या 12 गुणांवर संघ तगून होता, आणि घड्याळात एक सेकंद शिल्लक असल्याचा निर्णय झाल्यावर टेक्ससने फील्ड गोल करून सामना 13-12 असा नेला. सामना हरूनही त्या हंगामाबद्दल चाहते आजही अभिमानाने बोलतात. बचावाने आपले काम चोख बजावले असेल तर पराभव पदरी पडला तरी हंगाम वाया गेला असे ते मानत नाहीत.

याच्या उलट अनुभवही फार लांब नव्हता. 2011मध्ये विद्यापीठ बिग टेन गटात गेले. या गटाच्या 2012च्या अंतिम सामन्यात विस्कॉन्सिनने 70 गुण केले आणि 2014मध्ये त्याच संघाच्या मेल्विन गॉर्डनने एकट्याने 408 यार्ड धाव घेतली. मधल्या काळात, सप्टेंबर 2013मध्ये, संघ यूसीएलएविरुद्ध खास काळा पोशाख घालून उतरला होता. 21-3 अशी आघाडी हातची गेली आणि सामना 41-21 असा गमावला. पेलिनींचे संघ दरवर्षी किमान नऊ सामने जिंकत; तरीही 2014अखेर त्यांना जावे लागले.

नंतरची वर्षे आणखी कठीण गेली. 2021मध्ये नऊ सामने हातचे गेले आणि त्यांतल्या एकाही पराभवात फरक नऊ गुणांपेक्षा मोठा नव्हता. प्रत्येक वेळी थोडक्यात हरणारा हा संघ चाहत्यांना फार जिव्हारी लागला. 2023मध्ये मॅट रूल आले. त्यांच्या बचाव-सूत्रधाराने पुढे तिघे, मध्ये तिघे आणि मागे पाच अशी मांडणी आणली. 2024च्या अखेरीस पुन्हा यँकी स्टेडियमवर, या वेळी पिनस्ट्राइप बोलमध्ये, बॉस्टन कॉलेजला 20-15 असे हरवून संघाने 2015नंतरचा पहिला बोल-विजय मिळवला.

नेब्रास्काच्या प्रेक्षकांची कीर्ती निष्ठेबरोबरच सौजन्याचीही आहे. सामना संपल्यावर पाहुण्या संघाला टाळ्या वाजवून निरोप देण्याची तेथे पद्धत आहे. 2000मध्ये नॉत्र दामच्या मैदानावर इतके लाल कपडे दिसले की यजमान विद्यापीठाच्या लोकांनाच ओशाळल्यासारखे झाले. मात्र आपल्या बचावफळीबाबत हेच चाहते कठोर आहेत. जुन्या खेळाडूंची उदाहरणे नव्यांपुढे ठेवली जातात आणि दर ऑगस्टमध्ये शर्ट कोणाला मिळणार याची चर्चा पहिल्या सामन्याच्या आधीच रंगते. प्रशिक्षकांनुसार वाटपाची रीत बदलत आली आहे: कोणी हंगामापूर्वी देतो, कोणी काही सामने पाहून, कोणी पहिल्या अकरांपलीकडेही. देणे प्रशिक्षकाच्या हाती आणि परत घेणेही त्याच्याच हाती, ही अट मात्र पहिल्या दिवसापासून कायम आहे, आणि शर्टाचे मोल तिच्यावरच टिकून आहे.