काचेआडचं ऊन

रोमचा सम्राट टायबेरियस याला काकडी फार प्रिय. त्याच्या पानात काकडी नाही असा दिवस क्वचितच उजाडे, असं थोरल्या प्लिनीने लिहून ठेवलं आहे. भर हिवाळ्यात काकडी आणायची कुठून? माळ्यांनी वाफ्यांनाच चाकं लावली. उन्हं आली की वाफे बाहेर ढकलायचे आणि थंडी वाढली की झाकणाखाली घ्यायचे. तेव्हा मोठी, स्वच्छ तावदानं सहज बनत नव्हती, म्हणून त्या झाकणांना आरपार दिसणाऱ्या दगडाचे पातळ पापुद्रे बसवलेले असत. युरोप-अमेरिकेत आज घराला जोडून काचेची सनरूम बांधतात. तिची कुळकथा इथपर्यंत मागे नेता येते. तिच्यापुढचा प्रश्नही तेव्हापासून एकच आहे. दिवसा आत आलेली ऊब रात्री टिकवायची कशी?

काकडीनंतर आली संत्री. सतराव्या शतकात उत्तर युरोपातल्या राजेरजवाड्यांना आपल्या बागेत संत्र्या-लिंबाची झाडं असावीत याचा भारी सोस होता. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या राजबागेत सालोमन द कोस या बागरचनाकाराने झाडं जमिनीतच ठेवली. थंडी पडली की त्यांच्याभोवती लाकडी घर उभारायचं, आत शेगड्या पेटवायच्या आणि वसंतात ते घर उतरवून ठेवायचं. व्हर्सायला मात्र वेगळा मार्ग निघाला. झ्यूल आर्दुआं-मांसार या वास्तुकाराने १६८४ ते १६८६ या काळात तिथलं संत्रीघर बांधलं. मधलं दालन दीडशे मीटर लांब, दक्षिणेकडे उंच कमानदार खिडक्या, त्यांना दुहेरी तावदानं आणि भिंती चार ते पाच मीटर जाड! आत शेगडी नाही. तरी हिवाळाभर पारा पाच अंशांच्या खाली जात नाही. हजाराहून अधिक झाडं लाकडी पेट्यांतून आजही तिथे थंडी काढतात.

शेगडी की भिंत, असे दोन पंथ इथेच पडले. पुढची दोनशे वर्षं शेगडीची होती.

लंडनमध्ये चेल्सीच्या औषधी बागेत काचघराच्या फरशीखाली भट्टी बसवली होती. १६८५ मध्ये जॉन एव्हलिन हा बागप्रेमी लेखक ती पाहून आला आणि आपल्या रोजनिशीत तिचं कौतुक लिहून गेला. पण आतल्या शेगडीचा धूर आणि कोंडलेली हवा झाडांना मानवत नाही, हेही त्याच्या लक्षात आलं होतं. म्हणून १६९१ मध्ये त्याने शेगडी भिंतीबाहेर ठेवून ताजी हवा नळांतून तापवत आत नेण्याची योजना मांडली. पुढे भिंतीतून खेळवलेले धुराडे आले, मग वाफ आली आणि शेवटी गरम पाण्याचे नळ आले.

या पंथाचं शिखर म्हणजे डर्बीशरमधल्या चॅट्सवर्थचं काचघर. डेव्हनशरच्या ड्यूकचा माळी जोसेफ पॅक्स्टन याने ते १८३६ ते १८४० मध्ये उभारलं. २७७ फूट लांब, १२३ फूट रुंद, ६७ फूट उंच. फरशीखाली आठ बॉयलर आणि सात मैल लांबीचे नळ. कोळसा भुयारातल्या रुळांवरून यायचा. धूरही जमिनीखालूनच दूरच्या धुराड्यापर्यंत नेलेला होता, म्हणजे पाहुण्यांना ना कोळसा दिसे ना धूर. १८४३ मध्ये राणी व्हिक्टोरियाने या काचघरातून घोडागाडीने फेरफटका मारला. ड्यूकच्या घराण्याचं आडनाव कॅव्हेंडिश. पॅक्स्टनने चॅट्सवर्थच्याच एका काचघरात जी बुटकी केळ वाढवली, तिला ते नाव मिळालं. जळगावच्या मळ्यांतली बसराई आणि ग्रँड नैन या दोन्ही त्याच कॅव्हेंडिश गटातल्या.

१८४५ मध्ये ब्रिटनमधला काचेवरचा कर उठला, काच स्वस्त झाली आणि ड्यूकची हौस मध्यमवर्गीयांच्या दिवाणखान्याला येऊन चिकटली. चॅट्सवर्थचं काय झालं? पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना. नळ गार पडले, उष्ण प्रदेशातली झाडं मेली आणि १९२० मध्ये सुरुंग लावून ते काचघर पाडलं गेलं. ज्या इमारतीची ऊब सर्वस्वी बाहेरून आणलेल्या इंधनावर होती, ती इंधन थांबताच संपली.

मुळात काच काय करते? १७६७ मध्ये जिनिव्हाच्या ओरास-बेनेडिक्ट द सोस्यूर या शास्त्रज्ञाने एकात एक काचेच्या पेट्या ठेवून उन्हात तापवल्या. पुढे अशीच पेटी घेऊन तो डोंगरमाथ्यावर गेला. बाहेर कडाक्याची थंडी असूनही पेटी खालच्या सपाटीवर तापते जवळपास तितकीच तापली. हवा गार असली तरी ऊन आपलं काम करतं, हे त्यातून दिसलं. १९०९ मध्ये अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वूड याने दाखवलं, की काचघर तापतं ते मुख्यतः गरम हवा बाहेर निसटू शकत नाही म्हणून. म्हणजे फटी बुजवणं हे पहिलं काम. पण हवेत ऊब साठते तरी किती! सूर्य मावळला की काचेवाटे ती तासा-दोन तासांत निघून जाते. तिला साठायला दगड, माती, पाणी असं काहीतरी जड लागतं.

व्हर्सायच्या भिंतीकडे जग परतलं ते विसाव्या शतकात. फ्रान्समधल्या ओदेयो गावी अभियंता फेलिक्स ट्रोंब आणि वास्तुकार झाक मिशेल यांनी १९६७ मध्ये काचेमागे गडद रंगाची जाड काँक्रीटची भिंत असलेलं घर बांधलं. फूटभर काँक्रीटमधून ऊब पलीकडे पोचायला आठ-दहा तास लागतात. दुपारचं ऊन मध्यरात्री खोलीत उतरतं. १९७० च्या दशकात अमेरिकेत सँटा फे इथे घराला काचेची खोली जोडून त्या दोहोंमध्ये मातीच्या विटांची भिंत घालण्यात आली.

हीच रीत लडाखमध्ये अगदी घरची झाली. उणे वीस अंशांची थंडी, पण आकाश निरभ्र आणि ऊन लख्ख. लेहजवळ फे गावच्या सेकमोल शाळेत मातीच्या जाड भिंती आहेत. हिवाळ्यात इमारतीच्या दक्षिण अंगाला प्लॅस्टिकचं काचघर लावतात आणि उन्हाळ्यात ते काढून ठेवतात, हायडेलबर्गच्या माळ्यांसारखंच. २०२१ मध्ये लडाखी अभियंते सोनम वांगचुक यांनी जवानांसाठी तंबू केला. त्याचे दोन भाग आहेत, पुढे उन्हाची खोली, मागे झोपायची आणि मध्ये ऊब साठवणारी भिंत. रात्री दहाला बाहेर उणे १४, आत १५ अंश!

तुमची मुलं-नातवंडं लंडन-टोरांटोला असतील आणि सनरूमच्या गारठ्याची तक्रार करत असतील, तर हीटर घेण्याआधी त्यांना एवढं सांगा. खोलीच्या फटी बुजवा. लाकडी फरशीऐवजी काँक्रीटवर गडद टाइल घाला. ऊन पडतं तिथे पाण्याची पिंपं ठेवा. छताला जाड पडदा लावा. आणि उन्हं कलली की घर आणि सनरूम यांच्यामधलं दार घट्ट लावून घ्या.