सराटा, पारा आणि गोळी
जळगाव-धुळ्याच्या कोरडवाहू रानांत पायाला बोचणारा सराटा, म्हणजे चरकाने मूत्रविरेचनीय दहा औषधींत गणलेला गोखरू, सूज उतरवण्यासाठी काढ्यातून देण्याची वैद्यांची वहिवाट पुरातन आहे. १९०६ साली खानदेशाची पूर्व व पश्चिम अशी वाटणी होऊन दोन्हीकडे जिल्हा कचेऱ्या बसल्या, तेव्हा दुर्बल हृदयामुळे अंगात साचलेले पाणी खात्रीने काढणारी गोळी जगात कोठेच नव्हती. १९२० नंतर आलेली पाऱ्याची सुई गुणकारी, पण मूत्रपिंडास घातक. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी १९४९ साली सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण रुग्णांवरील निरीक्षणांनिशी मांडला. गोखरूचीही तशीच कसून परीक्षा व्हावी, असे मला मनापासून वाटते. पुढे १९५८च्या सुमारास क्लोरोथायझाइड आले आणि मूत्रावाटे मीठ व पाणी बाहेर घालवून सूज व रक्तदाब दोन्ही उतरवू लागले.