सोबत्यांच्या पूर्वकथा
काल्पनिक विश्वातील संगणकीय खेळांत नायकाबरोबर चालणाऱ्या पात्रांविषयी

राक्षसांचा पराभव, शापित किल्ल्यांचा शोध आणि सरतेशेवटी जगाचे रक्षण हा ‘रोल-प्लेइंग’ प्रकारच्या संगणकीय खेळांचा ठरलेला मालमसाला आहे. तथापि असा एखादा खेळ पूर्ण करून वर्षे उलटलेल्या माणसाला त्याविषयी विचारले, तर शेवटचा राक्षस कसा मारला हे त्याला क्वचितच आठवते. आठवतात ते बरोबरचे सोबती. पतीच्या मृत्यूनंतरही न खचलेली योद्धी, खांद्यावर हॅमस्टर घेऊन लढणारा भोळा रक्षक, दिलेल्या शब्दात अडकून पडलेला वृद्ध तलवारबाज. या पात्रांचा भूतकाळ तुकड्यातुकड्यांनी उलगडत जातो आणि खेळणाऱ्याचे मन त्यात गुंतते.

अशा पात्राला ‘सोबती’ म्हणावे आणि त्याच्या गतआयुष्याला ‘पूर्वकथा’. आपल्याकडील वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. महाभारतात मूळ कथा थांबवून उपाख्यान सांगितले जाते, आणि ते ऐकल्यावर समोरच्या व्यक्तीकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलते. कर्णाचे जन्मरहस्य युद्धाच्या तोंडावर त्याला स्वतःला कळते आणि पांडवांना तर त्याच्या मृत्यूनंतर. ‘आधी कळले असते तर?’ हा प्रश्न वाचकाच्या मनात राहतो, पण त्याचे उत्तर शोधण्याची सोय ग्रंथात नसते. संगणकीय खेळात ती असते. सोबत्याची विचारपूस वेळेवर केली की नाही, यावर पुढील घटना अवलंबून ठेवता येतात. या प्रकारच्या कथनाचे बळ येथेच आहे, आणि त्याच्या अडचणीही येथूनच सुरू होतात.

नावापुरते सहा जण

या खेळांचे मूळ संगणकाबाहेर, टेबलाभोवती बसून खेळायच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक पात्रामागे एक जिवंत माणूस बसलेला असे. सोबत्याला स्वभाव, विनोदबुद्धी आणि हट्ट आपोआपच मिळत. संगणकावर एकट्याने खेळताना ही माणसे नाहीशी झाली. १९८१ च्या ‘विझर्ड्री’त खेळणाराच सहा जणांचे पथक तयार करी. त्यांना नावे होती, बळ आणि चपळाई यांचे आकडे होते. पण भूतकाळ नव्हता. एखादा मेला तर नुकसान होई, दुःख होण्याचे मात्र कारण नसे.

रिचर्ड गॅरियट यांच्या १९८५ च्या ‘अल्टिमा ४’ने वेगळी वाट धरली. या खेळात मारण्यासाठी कोणी महाखलनायक नाही. करुणा, सत्य, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, अध्यात्म आणि नम्रता हे आठ सद्गुण अंगी बाणवून ‘अवतार’ व्हायचे, हे त्याचे उद्दिष्ट. संगणकीय खेळांच्या परिभाषेत हा संस्कृत शब्द रुजण्यात या खेळाचाही वाटा आहे. प्रत्येक सद्गुणाला एक नगर आणि एक सोबती नेमून दिलेला आहे. करुणेचा प्रतिनिधी गायक आयोलो, सन्मानाचा धर्मयोद्धा डुप्रे, नम्रतेची प्रतिनिधी मेंढपाळ कॅट्रिना. आरंभीच्या नैतिक प्रश्नांची उत्तरे देऊन खेळणारा या आठांपैकी एका वर्गात जातो आणि उरलेल्या सातही जणांना बरोबर घेतल्याखेरीज त्याला शेवट गाठता येत नाही. हे सोबती फारसे बोलत नाहीत. पण ते कोणत्या गावचे आणि कशाला मानणारे आहेत, हे त्यांना प्रथमच मिळाले.

जपानी धाटणी

जपानमध्ये हाच प्रश्न निराळ्या पद्धतीने सोडवला गेला. युजी होरी यांच्या १९९० च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट ४’मध्ये नायक पडद्यावर येतो तो थेट पाचव्या अध्यायात. त्याआधीचे चार अध्याय त्याच्या भावी सोबत्यांचे आहेत. तिसऱ्या अध्यायाचा नायक तोर्नेको हा साधा दुकानी नोकर. दुसऱ्याच्या शस्त्रांच्या दुकानात रोज गल्ल्यावर उभे राहायचे, मजुरी घ्यायची, बायको-मुलाकडे परतायचे आणि स्वतःचे दुकान काढण्यासाठी पैसा साठवायचा, असे दिवस खेळणाऱ्याला प्रत्यक्ष काढावे लागतात. पुढे हा माणूस नायकाला भेटतो तेव्हा त्याची ओळख करून देण्याची गरजच उरत नाही. त्याची पूर्वकथा आपण ऐकलेली नसते, जगलेली असते. गंमत अशी, की मूळ आवृत्तीच्या पाचव्या अध्यायात हे सोबती लढाईत स्वतःच्या बुद्धीने वागतात. काल जो आपण होतो, तो आज आपल्या आज्ञेत राहत नाही.

१९९७ च्या ‘फायनल फँटसी ७’ने सोबत्याच्या मृत्यूला नवा अर्थ दिला. पहिल्या तबकडीच्या अखेरीस खलनायक सेफिरॉथ हा फुले विकणाऱ्या एरिथची हत्या करतो. तोवर खेळणाऱ्याने तिला तासन्‌तास वाढवलेले असते, तिच्या उपचारशक्तीवर लढाया बेतलेल्या असतात. लढाईत पडलेला सोबती औषधाने उठवता येतो, हा त्या खेळाचाच नियम. एरिथसाठी तो चालत नाही. कथेतील उणीव त्यानंतरच्या प्रत्येक लढाईत रिकाम्या जागेच्या रूपाने जाणवत राहते.

एकाच स्त्रीविषयी दोन मागण्या

आज रूढ असलेला सोबती घडवण्याचे श्रेय बहुतांशी कॅनडातील एडमंटन येथील ‘बायोवेअर’ या कंपनीकडे जाते. वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांनी १९९५ साली स्थापन केलेल्या या कंपनीचा ‘बाल्डर्स गेट’ १९९८ च्या अखेरीस आला. नायकासह सहा जणांचे पथक आणि त्यासाठी निवडायला २५ पात्रे, अशी त्याची रचना होती.

या खेळातील नॅशकेल नावाच्या खाणगावात नायकाला दोन माणसे भेटतात. पहिला मिन्स्क, डोक्याला मार बसल्याने काहीसा भ्रमिष्ट झालेला योद्धा. बू नावाचा त्याचा हॅमस्टर अंतराळातील महाकाय जातीचा आहे अशी त्याची ठाम समजूत. डायनाहेअर ही जादूगार स्त्री शत्रूच्या गढीत कैद आहे, तिला सोडवायला चला, अशी तो विनवणी करतो. त्याच गावात एडविन नावाचा लाल झग्यातला जादूगार भेटतो आणि तिलाच ठार मारण्यासाठी मदत मागतो. दोघांच्या मागण्यांमागे दोन देशांचे जुने वैर आहे. त्यावर लांबलचक निवेदन नाही. कोणाला बरोबर घ्यायचे हे ठरवताना ते वैर खेळणाऱ्याच्या दारात येऊन उभे राहते. पूर्वकथा कृतीत कशी आणावी, याचा हा उत्तम नमुना म्हणता येईल.

२००० च्या दुसऱ्या भागात ही पद्धत अधिक गंभीर झाली. आरंभीच नायक एका छळतळघरात जागा होतो. जहीरा या योद्धीचा पती खालिद आणि मिन्स्कची डायनाहेअर, दोघेही मारले गेलेले आहेत. पहिल्या भागात खालिद आणि जहीरा ही जोडी अशी होती, की एकाला निरोप दिला तर दुसराही निघून जाई. तो नियम आठवणाऱ्याला विधवा जहीरेचे एकटे चालणे अधिक बोचते. याच भागातील अनोमेन या उमेदवार योद्ध्याच्या बहिणीचा खून होतो. मद्यपी पिता सूड घेण्याची आज्ञा देतो. सूड घेतला तर अनोमेनची धर्मसंघातील परीक्षा हुकते आणि त्याचा स्वभावच पालटतो. संयम राखला तर तो सरदार होतो, पण पित्याला दुरावतो. सल्ला मात्र खेळणाऱ्याने द्यायचा असतो.

मनोमीलनाचा हिशेब

हे सारे घडते कसे? सोबत्याच्या मनाची नोंद संगणक आकड्यांत ठेवतो. २००९ च्या ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’मध्ये ही नोंद उघडपणे दाखवली गेली. उणे १०० ते अधिक १०० अशी पसंतीची पट्टी. गरिबाला मदत केली की भाविक लेलियाना प्रसन्न होते. त्याच कृतीने रानात वाढलेली कठोर मॉरिगन नाराज होते. आकडा ठरावीक पातळीवर गेला की रात्रीच्या मुक्कामी शेकोटीशेजारी नवे संभाषण खुले होते आणि पूर्वकथेचा पुढचा पदर सुटतो. पुढे त्या सोबत्याचे एखादे वैयक्तिक काम निघते आणि ते केल्यास त्याचा कायापालट होतो. लेखकाच्या दृष्टीने ही सोयीची चौकट आहे. मुख्य कथानकाला असंख्य फाटे फोडणे खर्चाचे असते, कारण प्रत्येक फाट्याचे संवाद लिहावे आणि आवाजात ध्वनिमुद्रित करावे लागतात. सोबत्याच्या कथेतील फाटा मर्यादित खर्चात निवडीचे खरे वजन देतो.

या खेळातील अ‍ॅलिस्टर हे त्याचे उदाहरण. राजाचा हा अनौरस पुत्र डंकन या ज्येष्ठ योद्ध्याला पित्यासमान मानतो. सेनापती लोगेन रणांगणातून सैन्य काढून घेतो आणि राजासह डंकनही मारला जातो. पुढे पराभूत लोगेनला जीवदान देऊन आपल्या बाजूला घेण्याची संधी खेळणाऱ्याला मिळते. युद्धनीतीच्या दृष्टीने हा सौदा वाईट नाही. पण तो केला तर अ‍ॅलिस्टर पथक सोडून जातो, मग त्याची पसंती कितीही वर असो. आकड्यांच्या पलीकडे काही गोष्टी आहेत, हे खेळाने येथे मान्य केले.

मैत्री की व्यवहार?

या पद्धतीवरील मुख्य आक्षेपही नेमका येथेच आहे. याच खेळात भेटवस्तू देऊन पसंती वाढवता येते. योग्य वस्तू, योग्य उत्तर, आकडा वर, की गुपित हाती. म्हणजे दुसऱ्याचे दुःख हे बक्षीस ठरते, आणि सहानुभूती हे ते मिळवण्याचे साधन. समोरच्याला काय वाटेल याऐवजी कोणते वाक्य निवडले तर लाभ होईल, याचा विचार करण्याची सवय लागते. शिवाय बहुतेक सोबत्यांच्या भूतकाळात एखादी जखम असलीच पाहिजे, असा जणू दंडक झाला आहे. आणि ती बरी करणारा वैद्य नेहमी एकच : खेळणारा.

या आक्षेपाचे सर्वांत अस्वस्थ करणारे उत्तर फार आधी, १९९९ सालीच देऊन झाले होते. ‘ब्लॅक आयल स्टुडिओज’च्या ‘प्लेनस्केप : टॉर्मेंट’ या खेळाचे प्रमुख रचनाकार होते ख्रिस अ‍ॅव्हेलोन. त्याच्या नायकाला नाव नाही आणि मरणही नाही. तो मेला की पुन्हा उठतो, पण अनेकदा स्मृती गमावून. डॅकॉन नावाचा वृद्ध तलवारबाज काही विशेष न मागता त्याच्याबरोबर निघतो. त्याची तलवार त्याच्या मनःस्थितीप्रमाणे रूप बदलते. मन ढळले की धारही बोथट होते. त्याच्याबरोबर त्याचा धर्मग्रंथ अभ्यासला, की हळूहळू जुनी हकिकत कळते. श्रद्धा डळमळीत झाल्याने तो एकदा मृत्यूच्या दारात होता. तेव्हा एका परक्याने तो ग्रंथ हाती देऊन त्याला वाचवले आणि डॅकॉनने त्याच्या मरणापर्यंत सेवा करण्याची शपथ घेतली. तो परका म्हणजे हाच नायक, पूर्वीच्या एका जन्मातला. त्याने हे दयेपोटी केले नव्हते. त्याला उपयोगी माणूस हवा होता. आणि आपला धनी मरूच शकत नाही, हे शपथ घेणाऱ्याला ठाऊक नव्हते.

सोबती आपल्या मागे का येतो, हा प्रश्न बहुतेक खेळ विचारत नाहीत. येथे तो विचारला गेला आणि उत्तर खेळणाऱ्याच्या अंगावर आले. ज्याला आपण निष्ठा समजत होतो ती कैद होती, आणि कैद करणारे आपणच होतो. ही चूक पुसून टाकणारे बटण खेळात नाही. ती जाणून पुढे कसे वागायचे, एवढेच हाती उरते.

जहीरेची पुनर्भेट

बेल्जियमच्या ‘लॅरियन स्टुडिओज’चा ‘बाल्डर्स गेट ३’ ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याने त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’ सोहळ्यात सर्वोत्कृष्ट खेळाचा मान मिळवला. त्यातील अ‍ॅस्टेरियन या पात्राला आवाज व अभिनय देणारे नील न्यूबन त्याच सोहळ्यात सर्वोत्कृष्ट अभिनयाचे मानकरी ठरले. अ‍ॅस्टेरियन दोनशे वर्षे काझाडोर या रक्तपिपासू धन्याचा गुलाम होता. सूडाचा क्षण येतो तेव्हा त्याच्यापुढे एक मोह उभा राहतो. हजारो बंदिवानांचा बळी देणारा धन्याचा विधी स्वतः पूर्ण करायचा आणि अजिंक्य व्हायचे. त्या क्षणी त्याची समजूत घालता येते किंवा त्याला साथ देता येते. साथ दिली तर तो समर्थ होतो, आणि थेट आपल्या धन्यासारखा होतो. अडवले तर तो मोकळा होतो, पण सूर्यप्रकाशात वावरण्याचे सुख अखेरीस त्याला गमवावे लागते. मित्राला हवे ते देणे आणि मित्राचे हित पाहणे यांतील अंतर इतक्या स्पष्टपणे मांडणारे प्रसंग या माध्यमात थोडे आहेत.

याच खेळात जहीरा पुन्हा भेटते. कथेतील काळ शंभरहून अधिक वर्षांनी पुढे सरकला आहे. अर्धी एल्फ असल्याने ती दीर्घायुषी आहे, पण केस पांढरे झालेत, बोलण्यात कडवट विनोद आला आहे आणि शहरातील तिच्या घरी तिने सांभाळलेली मुले आहेत. १९९८ साली महाविद्यालयात असताना तिला प्रथम भेटलेला खेळाडू २०२३ साली पंचेचाळिशीला आलेला असतो. नव्या खेळाडूसाठी तिची पूर्वकथा म्हणजे संवादांतून कळणारी माहिती. जुन्या खेळाडूला ती विचारावी लागत नाही. खालिद कोण होता, तो कसा अडखळत बोलायचा आणि त्याचा मृतदेह कोणत्या तळघरात सापडला, हे त्याला ठाऊक असते.