किडलेल्या दाताचा इतिहास : गुळापासून गटापर्चापर्यंत

मराठीत दात ‘किडतो’, दाढेला ‘कीड लागते’. हा शब्दप्रयोग एका फार जुन्या समजुतीचा अवशेष आहे. दाताच्या पोकळीत किडा असतो आणि तो आतून दात कुरतडतो, असे मेसोपोटेमियापासून युरोपपर्यंत शतकानुशतके मानले जात होते. आयुर्वेदातील ‘क्रिमिदंत’ ही संज्ञाही याच कल्पनेतून आली. आज रूट कॅनालसाठी खुर्चीत बसणाऱ्या रुग्णाच्या मनात जे प्रश्न असतात, त्यांची उत्तरे या किड्याच्या शोधाच्या इतिहासात दडलेली आहेत.

काशीत पंचगंगा घाटाच्या वर, मंगला गौरीच्या परिसरात, मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आहे. भारतीय शल्यतंत्राची परंपरा याच नगरीशी नाते सांगते, कारण सुश्रुतसंहिता काशिराज दिवोदास धन्वंतरीच्या उपदेशाच्या रूपाने मांडलेली आहे. क्रिमिदंत हलू लागला असेल तर तो उपटून ती जागा डागावी, असे ही संहिता सांगते. पुढे वाग्भटाच्या अष्टांगहृदयात अधिक सूक्ष्म उपाय येतो : दाताची पोकळी गुळाने किंवा मेणाने भरावी आणि मग डाग द्यावा. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने ही योजना विचारपूर्वक केलेली दिसते. तापलेली शलाका पोकळीला एखाद्याच बिंदूवर टेकते. वितळलेले मेण मात्र कानाकोपऱ्यांत शिरून उष्णता सर्वत्र पोहोचवते.

या उपायाने ठणका थांबत असणार, आणि त्याचे कारण दाताच्या रचनेत आहे. दाताच्या मध्यभागी रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला मऊ गर असतो. बोटाला जखम झाली तर ते सुजून फुगू शकते. दातातील गराला मात्र चहूबाजूंनी कठीण भिंती असल्यामुळे फुगायला जागा नसते. आतला दाब वाढतो आणि असह्य वेदना होतात. उष्णतेने मज्जातंतू मेला की वेदना जाते. रोग मात्र मुळाच्या टोकाकडे निःशब्दपणे सरकत राहतो.

युरोप व अमेरिकाही दीर्घकाळ याच टप्प्यावर होत्या. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ सालच्या आपल्या ग्रंथात दातातील किड्याची कल्पना नाकारली. १८३६ मध्ये अमेरिकेत स्पूनर यांनी गर मारण्यासाठी आर्सेनिक वापरले. १८३८ मध्ये एडवर्ड मेनार्ड यांनी घड्याळाच्या स्प्रिंगपासून मुळाची नळी साफ करण्याचे बारीक हत्यार घडवले. आजच्या ‘फाइल’चे ते पूर्वज होय. हत्यार मिळाले, पण शत्रूची ओळख अजून पटलेली नव्हती.

ती ओळख बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलबी मिलर यांनी पटवली. तोंडातील सूक्ष्मजंतू साखर व पिष्टमय अन्नापासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळवते, हे त्यांनी १८९० च्या ग्रंथात मांडले. ‘कीड’ खरी ठरली. फक्त ती डोळ्यांना दिसणारी नव्हती.

आता नळी साफ करून पुन्हा जंतू शिरणार नाहीत अशी बंद करणे आवश्यक होते. हे काम मलाया द्वीपसमूहातील एका झाडाच्या चिकाने केले. गटापर्चा हा रबराचाच रासायनिक भाऊबंद. थंड असताना ताठ, ऊब दिली की मऊ होणारा. १८६७ च्या सुमारास बोमन यांनी तो मुळाच्या नळीत भरायला सुरुवात केली. १८७० मध्ये मुंबई ज्या समुद्री तारेने सुएझशी जोडली गेली, तिच्या तांब्यावरही याच गटापर्चाचे आवरण होते.

पण नळी किती खोल आहे, हे कळणार कसे? राँटगेन यांना १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला आणि १८९९ मध्ये एडमंड केल्स यांनी नळीत तार घालून तिची लांबी त्या किरणांनी पाहिली. किरणोत्साराचे धोके तेव्हा ठाऊक नव्हते. केल्स यांनी आधी बोटे, मग हात गमावला. १९२८ मध्ये त्यांनी आयुष्य संपवले. आजच्या रुग्णाला क्षणभरात मिळणारे ते छोटेसे चित्र इतके महाग पडलेले आहे.

यानंतर इतिहास उलटा फिरला. १९१० मध्ये विल्यम हंटर या वैद्याने माँट्रियलच्या व्याख्यानात अस्वच्छ दंतकामाखाली दडलेल्या संसर्गावर कडाडून टीका केली. त्यातून असा समज पसरला की गर काढलेला दात शरीरभर रोग पसरवतो. पुढील काही दशके संधिवातापासून मनोविकारापर्यंतच्या तक्रारींसाठी असंख्य दात उपटले गेले. नियंत्रित अभ्यासांपुढे हा सिद्धांत टिकला नाही. १९६५ मध्ये काकेहाशी व सहकाऱ्यांनी उंदरांच्या दाढांमधील गर उघडा केला. सामान्य उंदरांत तो सडला. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांत अन्नकण अडकूनही तो भरून आला. दात मारणारे कारण जंतूच, हे त्यातून स्पष्ट झाले. तरीही ‘रूट कॅनालने शरीरात विष भिनते’ हे वाक्य आजही मोबाइलवर फिरत असते.

या इतिहासाचा रुग्णासाठी अर्थ सरळ आहे. पहिल्या बैठकीत ठणका थांबतो, तेव्हा तो वाग्भटाच्या काळातल्या रुग्णाइतकाच बरा झालेला असतो. नळ्या पूर्ण साफ करणे, त्या गटापर्चाने बंद करणे आणि दाढ असेल तर बहुधा वर कॅप बसवणे हे पुढचे टप्पे माणसाने फार उशिरा शिकलेले आहेत. ते अर्धवट सोडले तर वेदना नसतानाही मुळाशी हाड झिजत राहते आणि अखेर दात काढावा लागतो. मंगला गौरीपासून काही मैलांवर काशी हिंदू विश्वविद्यालयात आज दंतविज्ञान शिकवले जाते. तिथे किंवा कोणत्याही गावी, दुखणे थांबल्यावरही पुढची तारीख पाळणे हेच रुग्णाच्या हातातले उपचार आहेत.